आईच्या रोलआधीच्या लीला चिटणीस

परवा मोखाड्याहून जव्हारला येताना एसटीत 'आवारा' (१९५१) बघत होते. आधीच डाउनलोड केलेला, कारण त्या वळणावळणाच्या रस्त्यावर रेंजचा काय भरवसा? त्यात राज कपूरची आई झालेल्या लीला चिटणीस. सहज दोघांची जन्मसालं शोधली, तर तो १९२४चा आणि या १९०९च्या. फक्त पंधरा वर्षांनी मोठी आई!

लीलाबाई मूळच्या धारवाडच्या. वडील इंग्रजीचे प्राध्यापक. लहान वयात लग्न, चार मुलगे, मग नवऱ्यापासून वेगळं होणं. मुलांना वाढवायचं म्हणून शाळेत शिकवलं, 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या नाटकांत काम केलं आणि मग सिनेमात आल्या. तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात जाणं म्हणजे थेट बदनामी. आणि ही बाई तर बीए झालेली! कंपनीने उलट त्याचीच जाहिरात केली. 'जंटलमन डाकू'मध्ये (१९३७) पुरुषी वेशात दिसलेल्या लीलाबाई पदवीधर नटी म्हणून गाजल्या. वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा 'छाया' त्याआधीच, १९३६ साली आला होता.

खरी लॉटरी लागली बॉम्बे टॉकीजमध्ये. 'कंगन' (१९३९), 'बंधन' (१९४०), 'झूला' (१९४१). तिन्हींत हिरो अशोककुमार, वयाने त्यांच्यापेक्षा लहान. तिन्ही हिट! १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीलाबाई झळकल्या. त्याआधी तिथे हॉलीवूडच्या नट्या असायच्या, एकही भारतीय हिरोइन नव्हती.

मग १९४८चा 'शहीद' आला आणि त्या दिलीपकुमारची आई झाल्या. वय अजून चाळिशीही नाही. तिथून पुढे 'आवारा', 'गंगा जमुना', 'गाइड'... आईच, आईच. हिरो मात्र पन्नाशीतही कॉलेजात जायचे, हे आपण पाहिलंच आहे.

पण त्या नुसत्या रोलची वाट बघत बसल्या नाहीत. १९४२ साली 'किसीसे ना कहना'ची निर्मिती केली. १९५५ साली 'आज की बात' दिग्दर्शित केला. त्या काळात कॅमेऱ्यामागे उभं राहून 'कट' म्हणणाऱ्या बायका देशात किती होत्या? बोटांवर मोजाव्यात इतक्याच. सॉमरसेट मॉमच्या 'द सेक्रेड फ्लेम' या नाटकाचं रूपांतर करून तेही त्यांनी रंगमंचावर आणलं. १९८१ साली 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र मराठीत आलं.

उतारवयात त्या अमेरिकेत राहिल्या. १४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी इथे त्या गेल्या.

जव्हार स्टँड आलं तेव्हा 'आवारा' अर्धाच झाला होता. घरी वायफायवर 'कंगन' डाउनलोडला लावलाय. या वेळी हिरोइन लीला चिटणीस बघायच्या आहेत.