पगारकपातीचा निर्णय आणि ना. म. जोशी

लोअर परळचे जुने रहिवासी ज्याला अजूनही डिलाईल रोडच म्हणतात, त्या रस्त्याला नारायण मल्हार जोशी यांचे नाव आहे. पाटीवरच्या या नावामागचा माणूस मात्र आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी ५ जून १८७९ रोजी जन्मलेले जोशी पुण्यात शिकले. काही वर्षे शिक्षकी करून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. चाळींमधून रात्रशाळा आणि वाचनालये चालविता चालविता त्यांना गिरणगाव कळत गेले.

महायुद्धानंतरच्या तेजीत गिरण्यांनी भागधारकांना घसघशीत लाभांश वाटले. तेजी ओसरली, जपानी कापडाची स्पर्धा वाढली, आणि ताळेबंद सावरण्यासाठी मालकांची नजर प्रथम मजुरीकडे वळली. १९२४ मध्ये बोनस बंद झाला. १९२५ मध्ये मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली. कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर सरकारने उठविल्यास कपात मागे घेऊ, अशी मालकांची भूमिका होती. म्हणजे सौदा मालक आणि सरकार यांच्यातला. त्यात ओलीस राहिली ती विणकराची मजुरी. तेजीतल्या लाभांशाबद्दल त्याला कोणी विचारले नव्हते, मंदीतल्या कपातीबद्दलही नाही.

सप्टेंबरात सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. हजारोंनी कोकणातील आणि घाटावरील आपापले गाव गाठले. मागे राहिलेल्यांसाठी जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मदतीची व्यवस्था उभारली. परदेशी कामगार संघटनांकडूनही पैसा आला. डिसेंबरात सरकारने करवसुली स्थगित केली आणि जुन्या दराने गिरण्या सुरू झाल्या. कामगार जिंकले खरे, परंतु तोडगा निघाला तेव्हाही ते बैठकीबाहेरच होते.

जोशींना हीच उणीव बोचली असावी. जानेवारी १९२६ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी संमत झालेल्या कामगार संघटना कायद्याचा पाठपुरावा ते १९२१ पासून करीत होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात, स्वभावाने नेमस्त असूनही, ते डांगे आदी कम्युनिस्टांच्या बरोबरीने संयुक्त संप समितीत बसले. त्या संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे मालकांच्या आकड्यांना कामगारांच्या बाजूने जाहीर उत्तर देता आले. ही सोबत मात्र टिकली नाही. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी बाहेर पडले. पुढे १९४० मध्ये तेच पुन्हा तिचे सरचिटणीस झाले.

१९२१ ते १९४७ ते केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडीत राहिले. हे पद मात्र सरकारी नेमणुकीचे होते. मालमत्ता आणि करावर आधारलेल्या त्या मतदारयादीत ज्यांच्यासाठी ते बोलत, त्यांतील बहुतेकांची नावेच नव्हती. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली होती आणि गिरणगावाने तीत मतदान केले होते.