धुळ्यात मास्तरकी करणाऱ्या शंकर दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास कसा लिहिला?

आज आकाशदर्शन म्हटलं की दुर्बीण, ॲप आणि शहराबाहेरची एखादी टेकडी आठवते. पण मराठी माणसाला रात्रीचं आकाश बघायला शिकवणारं एक पुस्तक 1892 सालीच आलं होतं. नाव होतं ज्योतिर्विलास, आणि त्याचं दुसरं नाव त्याहून मजेदार होतं, रात्रीची दोन घटका मौज.

एक घटका म्हणजे 24 मिनिटं. म्हणजे जेवण उरकल्यावर रोज 48 मिनिटं अंगणात या आणि वर बघा, एवढीच काय ती अपेक्षा.

हे पुस्तक लिहिणारा माणूस कुठल्या वेधशाळेत नव्हता. तो धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिक्षक होता. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

मुरुडचा मुलगा, मॅट्रिकपर्यंत शिक्षण

दीक्षितांचा जन्म जुलै 1853 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. गावच्या शाळेत शिक्षण झालं, सोबत थोडं संस्कृतही. पुढे 1870 मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. तिथे शिक्षक व्हायचं शिक्षण घेतलं आणि 1874 मध्ये मॅट्रिक झाले.

औपचारिक शिक्षण इथेच संपलं. बी. ए. नाही, गणिताची पदवी नाही.

मग सुरू झाली सरकारी शिक्षण खात्यातली नोकरी. आधी रेवदंडा, मग ठाणे, मग बार्शी, मग धुळे आणि शेवटी पुणे. तेव्हा जळगाव आणि धुळे असे वेगळे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठिकाण धुळे होतं.

दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात ज्योतिषाचे ग्रंथ, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. इथे ज्योतिष म्हणजे पत्रिका बघणं नव्हे. सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या गतीचं गणित, ज्यावर आपलं पंचांग उभं आहे, ते ज्योतिष.

पंचांगात नेमकी काय गडबड होती?

त्या काळी महाराष्ट्रात पंचांगाचा वाद जोरात होता. बहुतेक पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार व्हायची. हा ग्रंथ 1520 सालचा. साडेतीनशे वर्षांत त्यातल्या गणितात आणि प्रत्यक्ष आकाशात फरक पडला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक वेधांवर आधारलेलं पंचांग सुरू केलं, पण प्रश्न तेवढ्यावर सुटला नाही.

मोठा वाद होता सायन की निरयन हा.

सोपं उदाहरण मकर संक्रांतीचं. सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21 किंवा 22 डिसेंबरला. त्या दिवसापासून दिवस मोठा होऊ लागतो. पण आपण संक्रांत साजरी करतो 14 किंवा 15 जानेवारीला. असं का?

कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय हळू फिरतो. एक फेरी पूर्ण व्हायला साधारण 26 हजार वर्षं लागतात. त्यामुळे ऋतू आणि तारे यांचं नातं साधारण 72 वर्षांत एक अंशाने सरकतं. ताऱ्यांना धरून चालणारं पंचांग म्हणजे निरयन आणि ऋतूंना धरून चालणारं म्हणजे सायन.

दीक्षित सायन पक्षाचे होते. महिने ऋतूंशी जुळले नाहीत, तर काही हजार वर्षांनी वसंतातला सण पावसाळ्यात येईल, हा सायनवाल्यांचा मुद्दा होता. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत दीक्षितांनी सायन पंचांगासाठी काम केलं. पण पंचांग बदलायचं म्हणजे एकादशी, श्राद्ध, लग्नाचे मुहूर्त सगळंच हलणार. लोकांनी ते स्वीकारलं नाही. घराघरांत निरयन पंचांगच राहिलं.

स्पर्धेसाठी लिहायला घेतलं आणि ग्रंथ झाला

पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर निबंध मागवला होता. दीक्षितांनी तो लिहायला घेतला. पण पंचांगाचा इतिहास सांगायचा, तर आधी सगळ्या ज्योतिषाचा इतिहास सांगावा लागतो. तो मराठीत कुणी सलग लिहिलेलाच नव्हता.

मग वेद, ब्राह्मणग्रंथ, वेदांग ज्योतिष, आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य अशी यादी वाढत गेली. डेक्कन कॉलेजच्या संग्रहातल्या हस्तलिखित पोथ्याही त्यांनी पाहिल्या. प्रत्येक ग्रंथातलं गणित स्वतः करून त्याचा काळ ठरवायचा, अशी त्यांची पद्धत होती. तेव्हा कॅल्क्युलेटर नव्हते, सगळे आकडे हाताने.

या निबंधाला 1891 मध्ये बक्षीस मिळालं आणि 1896 मध्ये पुण्यात ग्रंथ छापून आला. तोच भारतीय ज्योतिषशास्त्र.

कृत्तिका कुठे उगवतात?

त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्यायची, तर कृत्तिकांचं उदाहरण पुरेसं आहे.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. आज मात्र तसं दिसत नाही. नोव्हेंबरच्या संध्याकाळी धुळ्यातून बघितलं, तर हा छोटासा तारकापुंज बरोबर पूर्वेला नाही, तर सुमारे 26 अंश उत्तरेकडे उगवतो.

दीक्षितांनी याचा अर्थ असा लावला, की ते वाक्य लिहिणाऱ्याने कृत्तिका खरोखरच पूर्वेला उगवताना पाहिल्या असतील. अक्षाच्या त्या संथ फिरण्याचा हिशोब उलटा केला, की तशी स्थिती इसवी सनापूर्वी 3000 च्या सुमारास येते. हा काळ सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. ते वाक्य जुन्या परंपरेतून आलेलं असू शकतं, असा आक्षेप घेतला जातो. पण या वादात दीक्षितांचं गणित आजही चर्चेत असतं.

इंग्रज अभ्यासकांनाही गरज पडली

जुन्या शिलालेखांवर तिथी आणि वार असतात, पण त्याची इंग्रजी तारीख काढणं किचकट. जॉन फ्लीट गुप्त राजांच्या शिलालेखांवर काम करत होते. गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला, हा तेव्हा मोठा प्रश्न होता. एरणच्या स्तंभावर बुधगुप्ताच्या काळातला एक लेख आहे. त्यात गुप्त वर्ष 165, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार दिलेला आहे. दीक्षितांच्या गणितातून तारीख आली 21 जून 484. यावरून गुप्त संवताची सुरुवात 319-320 च्या सुमारास ठरवायला आधार मिळाला.

पुढे रॉबर्ट स्यूअल यांच्यासोबत त्यांनी इंडियन कॅलेंडर हे इंग्रजी पुस्तक केलं. तेही 1896 सालचंच. इसवी सन 300 ते 1900 पर्यंतच्या भारतीय तारखा इंग्रजीत बदलण्याची कोष्टकं त्यात आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांनी ती पुढे कित्येक दशकं वापरली.

वय अवघं 44

मोठा ग्रंथ आला आणि दोनच वर्षांत, एप्रिल 1898 मध्ये दीक्षितांचं निधन झालं. तेव्हा ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होते. ज्या कॉलेजात शिक्षक व्हायला शिकले, तिथेच शेवटची नोकरी.

ग्रंथ मात्र फिरत राहिला. 1957 मध्ये त्याचा हिंदी अनुवाद आला आणि पुढे इंग्रजी अनुवादही झाला. योगायोग म्हणजे त्याच 1957 मध्ये भारताने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचे महिने ऋतूंना धरून, म्हणजे सायन पद्धतीने चालतात. दीक्षितांची बाजू निदान सरकारी कागदावर तरी जिंकली.

खानदेशाशी नातं

खानदेश आणि खगोल हे नातं दीक्षितांच्याही आधीचं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी 1207 साली तिथे मठ काढला. म्हणजे आकाशाचं ज्ञान पुढे पोचवण्याची व्यवस्था इथे आठशे वर्षांपूर्वी होती.

दीक्षित गेल्यावर 46 वर्षांनी, 22 ऑगस्ट 1944 रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली. हौशी मंडळींनी एकत्र यायचं, आकाश बघायचं आणि लोकांना दाखवायचं, हे काम अशा संस्था आज करतात. दीक्षितांनी तेच काम एकट्याने, पुस्तकातून केलं होतं.

फरक एकच पडलाय. दीक्षितांच्या धुळ्यात रात्री खरोखर अंधार असायचा. आज भुसावळजवळच्या दीपनगरला वीज तयार होते आणि गावोगावी रात्रभर दिवे जळतात. कृत्तिकांचे सहा तारे मोजायचे, तर दिव्यांपासून थोडं लांब जावं लागतं. पण वेळ तेवढाच लागतो, 48 मिनिटं.