एकही वाडा न पाडता शहर सुधारायचं कसं, हे दाखवायला तो एक दिवस इंदूरचा महाराजा झाला होता

शहर सुधारायचं म्हटलं की आपल्याकडं एकच उपाय. नकाशावर सरळ रेघ मारायची आणि मध्ये येतील ती घरं पाडायची. पण शंभर वर्षांपूर्वी एक स्कॉटिश माणूस भारतभर फिरून याच्या उलटं सांगत होता.

नाव पॅट्रिक गेडिस.

जन्म 1854 चा. शिक्षण जीवशास्त्राचं. मेक्सिकोत असताना काही काळ दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकाचं काम सुटलं. मग झाडाझुडपांऐवजी ते शहरं अभ्यासायला लागले. लग्नानंतर बायको ॲनासोबत एडिनबरोच्या बकाल वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना घेऊन चौक झाडले, भिंती रंगवल्या, बागा केल्या.

1914 मध्ये ते भारतात आले. शहरात गेले की आधी गल्लीबोळ पायी पालथे घालायचे. तंजावरच्या एका जुन्या वस्तीतून सरळ रस्ते काढायचा सरकारी बेत होता. गेडिस यांनी अगदी पडकी घरं तेवढी काढून मोकळी जागा करायची योजना दिली. खर्च किती? साधारण सहावा हिस्सा. आणि शेकडो माणसं बेघर व्हायची वाचणार होती.

1917 मध्ये मुलगा महायुद्धात गेला, पाठोपाठ ॲनाही गेल्या. तरी काम थांबलं नाही.

तेव्हा होळकरांचं इंदूर प्लेगनं हैराण होतं. गेडिस यांनी एका दिवसासाठी महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दवंडी पिटवली, की दिवाळीची मिरवणूक यंदा ठरलेल्या वाटेनं नाही, तर ज्या रस्त्यावरची घरं जास्त स्वच्छ असतील त्या रस्त्यानं जाणार. झालं! प्रत्येक आळी कामाला लागली. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि भलामोठा उंदीरही होता.

1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. पुढं तेल अवीव शहराचा आराखडा केला आणि 1932 मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

2017 पासून इंदूर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून गाजतंय. त्याचं श्रेय आजच्या इंदूरकरांचंच. पण शहर बुलडोझरनं नाही, तर तिथल्या माणसांना सोबत घेऊन सुधारतं, हे याच गावानं शंभर वर्षांपूर्वी एकदा करून दाखवलं होतं.