मतभेदांच्या गलबल्यात पंडिता रमाबाई

चलथाण हे सुरतेजवळचे, ताप्तीकाठच्या रेल्वेमार्गावरील गाव. येथे साखर कारखाना आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूंनी पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे येथे राहतात. त्यांत ख्रिस्ती घरे थोडी, पण त्या थोड्या घरांत मंडळ्या किती! कोणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, कोणी अलायन्सचे, कोणी मेथॉडिस्ट, कोणी पेंटेकॉस्ट. गावाकडची मंडळी सुटली तरी तिचे नाव सुटत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गुरुवारच्या घरगुती प्रार्थनासभेत एका तरुणाने एक पत्रक आणले. प्रभू येशू हा देवाने निर्माण केलेला एक श्रेष्ठ जीव आहे, तो स्वतः देव नव्हे, आणि त्रैक्याचे मत माणसांनी मागाहून रचले, असे त्यात लिहिले होते. त्यावर दुसरे एक बंधू उठले व त्यांनी वेगळाच विषय काढला. ज्यांच्यावर लहानपणी पाणी शिंपडले त्यांचा बाप्तिस्मा झालाच नाही, असे त्यांचे म्हणणे. अर्ध्या घटकेत प्रार्थना बाजूला राहिली आणि गलबला सुरू झाला. शेवटी एका वृद्ध मावशींनी मला विचारले की, आमच्या आईबापांचा विश्वास मग खोटा होता की काय? त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला तेव्हा नीट उत्तर सुचले नाही. घरी येऊन पुष्कळ विचार केल्यावर पंडिता रमाबाईंची आठवण झाली, आणि पुढच्या गुरुवारी मी त्यांचीच कथा सांगितली. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून ती येथे लिहीत आहे.

रमाबाईंचे बालपण पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आई लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकविले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. १८७०-८० च्या दशकातील भयंकर दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण दगावली. रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने त्यांना नेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी राहिली.

आसामातील सिल्चरच्या त्या घरातच त्यांच्या हाती बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान पडले. ते तेथे कोणी आणून ठेवले कोणास ठाऊक. एका बाप्तिस्त मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकाची ओळख करून दिली. नंतर पुण्यात अँग्लिकन सिस्टर्सचा सहवास लाभला. काशीचे पंडित असून १८४८ साली ख्रिस्ती झालेले फादर नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांचीही भेट झाली. म्हणजे बीज एकाने टाकले, पाणी दुसऱ्याने घातले, आणि दोघांच्या मंडळ्या निराळ्या. त्या वेळी रमाबाईंना हा फरक समजतही नव्हता.

तो समजला इंग्लंडात. १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या तिकडे गेल्या आणि वाँटेज येथील सिस्टर्सच्या मठात राहिल्या. लंडनमधील फुलहॅम येथे याच सिस्टर्स पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करीत असत. ते काम पाहून रमाबाईंचे मन हेलावले. असे का करता, हे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची हकिकत, वाचून दाखविण्यात आली. गोरेशास्त्र्यांच्या लेखनाने बुद्धीचे समाधान केले होते, या अध्यायाने हृदय जिंकले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे पुष्कळ लेखक एक पान उलटतात. आपण ते उलटू नये. बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांच्या आत रमाबाईंच्या मनात मोठ्या शंका उठल्या. त्रैक्य, प्रभूचे देवत्व, अथनेशियन मतांगीकारातील कठोर वाक्ये, या गोष्टी त्यांना पटेनात. त्यांनी आपल्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डीन यांना ते सरळ लिहून कळविले. ही पत्रे सिस्टरनी जपून ठेवली होती; ती १९७७ साली मुंबईत पुस्तकरूपाने निघाली. ईश्वरशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करताना मी ती प्रथम वाचली तेव्हा मला धक्काच बसला. आमच्या चलथाणच्या तरुणाच्या पत्रकात जे होते, त्यातले बरेच काही खुद्द रमाबाईंच्या मनातून जाऊन आले होते!

सिस्टर जेराल्डीन घाबरल्या, व काहीशा रागावल्याही. मंडळीचा अधिकार मानावा, पाळकांचे ऐकावे, यातच नम्रता आहे, असे त्यांचे सांगणे. रमाबाईंचे उत्तर असे की, एका पुरोहितवर्गाच्या हुकमतीतून मी नुकतीच सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचा प्रत्येक शब्द देवाचा शब्द म्हणून कसा घेऊ? देव आपल्या वचनातून जे शिकवील ते मानीन. गळ्यात घालण्याच्या क्रुसावरील लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा जास्त पावित्र्य ते काय, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्याला हे वाचताना हसू येते, पण त्यात मोठा मुद्दा होता. ख्रिस्त कोणता आणि इंग्लंडची चालरीत कोणती, हे त्या निवडून पाहत होत्या.

इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती लोकांचे नाना पंथ पाहिले. प्रत्येक जण आपल्या विशेष मतासाठी पवित्र शास्त्राचाच आधार दाखवी, याचे त्यांना फार आश्चर्य वाटे. हिंदुस्थानात जेवढे पंथ मागे टाकून आलो तेवढेच येथेही आहेत, असे त्यांना झाले. तेव्हा त्यांनी मनाशी ठरविले की, आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला आहे, कोणा एका पंथात नव्हे. हे त्यांचे मत शेवटपर्यंत बदलले नाही.

त्यांच्या शंका हळूहळू फिटल्या. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी त्यांना धमकावले नाही, की पाखंडी म्हणून दूर लोटले नाही. प्रश्नाला प्रश्न व पत्राला पत्र देत त्यांनी धीर धरला. रमाबाईही शास्त्र वाचीत राहिल्या. शंका आली म्हणून त्यांनी प्रार्थना सोडली नाही, आणि शंका आहे हे लपवून मोठ्याने आमेनही म्हटले नाही. पुढे ज्या विश्वासासाठी त्यांनी पुण्यात इतके सोसले, तो येशूला प्रभू व देव मानणाराच विश्वास होता. ज्यांच्याशी एवढे वाद झाले त्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार मात्र पुढेही कितीतरी वर्षे चालू राहिला.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. बालविधवांच्या शिक्षणासाठी मदत मिळवून बोस्टन येथे १८८७ च्या डिसेंबरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या मंडळीचे पाळक होते. उपाध्यक्षांत एपिस्कोपल व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे पुढारीही होते. विधवांना शिकविण्याच्या कामी रमाबाईंनी सर्वांचा हात धरला, पण म्हणून युनिटेरियनांचे मत घेतले नाही. एकत्र काम करणे निराळे आणि एक मत असणे निराळे, हा विवेक आपल्यात किती थोड्यांना साधतो!

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. धर्म शिकवायचा नाही, पण कोणाला अडवायचेही नाही, असा तेथील नियम होता. त्यामुळे बाई दोन्हीकडून कचाट्यात सापडल्या. ख्रिस्ताचे नाव घेत नाही म्हणून काही मिशनरी नाराज, तर मुलींना बाटवते म्हणून शहर खवळलेले. रमाबाई पहाटे मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, एवढेच पुष्कळांचे म्हणणे होते. त्यांनी ते लावले नाही. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, केसरीने टीकेची झोड उठविली आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या.

हे सोसण्याचे बळ कोठून आले? १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या एका पाळकाचे आत्मचरित्र आले. अनेक वर्षे पाळकपण केल्यावर त्या गृहस्थाचे हृदयपरिवर्तन झाले होते. ते वाचून रमाबाईंना कळले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त स्वतः अजून मिळालेला नाही. आठ वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या, संस्कृतच्या पंडिता असलेल्या बाईने हे कबूल केले! मतामतांतील वाद जिंकून हे सुख मिळत नाही. त्या गुडघे टेकून पापी म्हणून प्रभूकडे आल्या आणि त्यांच्या मनाला शांती मिळाली.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे मुक्तीचे काम उभे राहिले. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत छपनियो या नावाने आजही ओळखला जातो. आमच्या इकडील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्याची आठवण होती. त्या वेळी गुजरातेतूनही शेकडो उपाशी मुली केडगावी पोहोचल्या. मराठी, गुजराती, हिंदी बोलणाऱ्या, नाना जातींच्या मुली एका पंगतीला बसल्या. त्यांना शिकविण्यास इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथून निरनिराळ्या मंडळ्यांच्या भगिनी आल्या. तेथील मोठ्या उपासनामंदिराला कोणत्याही पंथाचे नाव नव्हते.

हे सर्व सुरळीत चालले असे कोणी समजू नये. जानेवारी १९०५ पासून मुक्तीत दररोज संजीवनासाठी प्रार्थना सुरू झाली आणि जूनच्या अखेरीस आत्म्याचा मोठा वर्षाव झाला. मुली रडून पापे कबूल करू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. लगेच दोन तट पडले. काही मिशनऱ्यांना हा सारा गोंधळ वाटला व हे देवाचे नव्हे असे ते म्हणू लागले. दुसरीकडे, ज्याला अन्य भाषा नाही त्याला पवित्र आत्माच मिळाला नाही, असे शिकविणारेही निघाले. आजच्या आपल्या सभांतील वाद तो हाच!

रमाबाई स्वतः अन्य भाषेत बोलल्या नाहीत. तरी ज्या मुलींना ते दान मिळाले त्यांना त्यांनी गप्प केले नाही. हिंदी लोकांना आपल्या रीतीने रडू द्या, हसू द्या, प्रार्थना करू द्या, असे टीकाकारांना त्यांनी कळविले. मात्र अन्य भाषा हेच आत्म्याचे एकमेव व आवश्यक चिन्ह आहे याला शास्त्रात आधार नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले. प्रीती, पवित्र जीवन आणि सेवा दिसते काय, हे त्या पाहत. संजीवनानंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास जाऊ लागल्या, याचे त्यांना विशेष वाटे. माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत अवघड कसोटी ही होती, कारण येथे दोन्ही बाजूंना त्यांचे स्वतःचे मित्र होते.

मंडळ्यांची एकी त्यांच्या हयातीत झाली नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सहा मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे एकत्र आल्या, तोवर त्यांना जाऊन अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. आणि कागदावर एक झालेल्या मंडळ्यांनाही कोर्टकचेऱ्या चुकल्या नाहीत, हे आपण गुजरातेत पाहिलेच आहे.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटली सुमारे पंधरासोळा वर्षे एका निराळ्याच कामाला दिली. खेड्यातील अडाणी बाईला वाचून समजेल असे पवित्र शास्त्र मराठीत हवे, असे त्यांना वाटे. प्रचलित भाषांतरात संस्कृत शब्द फार, आणि त्यांतील कित्येकांना जुन्या धर्मकल्पना चिकटलेल्या, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या इब्री व ग्रीक शिकल्या. स्वतः पंडिता असून पंडिती भाषा त्यांनी बाजूला ठेवली. हे भाषांतर सर्वत्र चालू झाले नाही, आणि त्यातील काही शब्दयोजना मलाही अवघड वाटते. पण वादाचा प्रत्येक शब्द मूळ भाषेत काय आहे हे स्वतः पाहण्याची त्यांची तळमळ त्यात पानोपानी दिसते. वाँटेजला ज्या गोष्टीसाठी त्या अडून बसल्या होत्या, तेच हे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीवर सारे काम सोपवायचे तीच आधी गेली. बाईंची प्रकृती ढासळली होती आणि कानांना ऐकू येईनासे झाले होते, तरी भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. त्यांची कबर केडगावी आहे. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी जुळविले होते.