हजेरी बंद करणारा राजा

राजर्षी शाहू महाराजांची जयंती म्हटली की आपल्या वस्तीत आरक्षणाचा विषय निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. पण महाराजांच्या चरित्रातली एक गोष्ट नेहमी मागे राहते, ती आम्ही इथे सांगतो.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात जन्म, १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक, १८९४ ला राज्यकारभार हाती, १९०२ ला मागासलेल्यांसाठी नोकरीत निम्म्या जागा. एवढं तर आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

आता हजेरीचं पाहा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसानं गुन्हा केला की नाही, शिक्षा भोगून सुधारला की नाही, हे पाहायचंच नाही. फक्त जमात पाहायची. बापावर शिक्का, म्हणजे पोरगाही उद्या चोरी करणार, हे आधीच ठरलेलं! कोल्हापूर संस्थानातही मांग, रामोशी, बेरड यांना रोज हजेरी द्यावी लागे, आणि त्या यादीत आपले महारही होते. दिवसभर राबून आलेला माणूस, घरी जायच्या आधी हजेरीला उभा.

महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. त्याहून मोठं धाडस फासेपारध्यांच्या बाबतीत. रानात शिकार उरली नाही, पोट भरेना, म्हणून चोरीकडे वळलेली ही माणसं. महाराजांनी त्यांना सोनतळीला आसरा दिला, हाताला काम दिलं, आणि काहींना चक्क पहाऱ्यावर नेमलं. दरबारातल्या लोकांना ते कसं वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुन्हा चोरी करील का, हे पाहताना महाराजांनी जात विचारली नाही. पोट भरतं का, तेवढं पाहिलं.

१९२० साली नागपूरच्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून महाराज विदर्भात आले होते. बाबासाहेबही त्या परिषदेला होते. पुढे दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ ला, वयाच्या ४७ व्या वर्षी मुंबईत महाराज गेले.

देशातला तो कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला. १९५९ च्या मुंबई कायद्यानं जमात सोडून, वारंवार शिक्षा झालेल्या माणसाला सराईत गुन्हेगार धरलं. तरी आपल्या वऱ्हाडात कुठं चोरी झाली की पहिला संशय पारधी बेड्यावरच जातो. आम्हीही तो घेतलेला आहे.