बलात्काराचा आदेश दिल्याचा पुरावा नव्हता, तरी जपानचा जनरल यामाशिता फासावर का गेला?

३ सप्टेंबर १९४५. फिलिपिन्समधलं बाग्यो हे थंड हवेचं ठिकाण. जपानचा जनरल तोमोयुकी यामाशिता शरणागतीच्या कागदावर सही करायला आला, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांमध्ये एक चेहरा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. ब्रिटिश जनरल पर्सिव्हल. साडेतीन वर्षांपूर्वी याच पर्सिव्हलने सिंगापूरमध्ये यामाशितापुढे शस्त्रं खाली ठेवली होती.

आता फासे उलटे पडले होते.

पुढच्या सहा महिन्यांच्या आत यामाशिताला फाशी झाली. त्याच्यावरचा आरोप मात्र वेगळा होता. त्याने स्वतः कुणाला मारलं, कुणावर बलात्कार केला किंवा तसं करायचा हुकूम सोडला, असं मूळ आरोपात म्हटलंच नव्हतं. म्हटलं होतं ते एवढंच, की त्याच्या हाताखालचे सैनिक हे सगळं करत होते आणि त्याने त्यांना आवरलं नाही.

आजही युद्धातल्या बलात्कारांसाठी एखाद्या सेनापतीला आंतरराष्ट्रीय कोर्टात उभं केलं जातं, तेव्हा या खटल्याचा विषय निघतोच.

डॉक्टरचा मुलगा ते 'मलायाचा वाघ'

यामाशिताचा जन्म ८ नोव्हेंबर १८८५ चा. जपानच्या शिकोकू बेटावरच्या एका खेड्यात त्याचे वडील डॉक्टर होते. पोरगा मात्र सैन्यात गेला. १९०५ मध्ये तो लष्करी अकादमीतून बाहेर पडला आणि पुढे स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया इथे जपानच्या वकिलातीत काम करून युरोप जवळून बघून आला.

१९३६ मध्ये टोकियोत तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केलं. यामाशिताला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे, असा बोभाटा झाला आणि सम्राटाची मर्जी उतरली. त्याची रवानगी कोरियाला झाली.

त्याचं नाव जगभर झालं ते १९४१ च्या डिसेंबरमध्ये. २५ व्या आर्मीचा प्रमुख म्हणून तो मलायात उतरला. त्याचे सैनिक रबराच्या मळ्यांमधून आणि जंगलातल्या वाटांवरून चक्क सायकलींवर पुढे सरकत होते. सत्तर दिवसांत त्यांनी अख्खा मलाया पार केला आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हल्ला करणारे जपानी सैनिक होते साधारण ३० हजार. शरण आलेले ८० हजारांच्या आसपास.

या शरण आलेल्यांमध्ये भारतीय सैनिकांची संख्या मोठी होती. दोन दिवसांनी सिंगापूरच्या फॅरर पार्क मैदानावर हजारो भारतीय युद्धकैद्यांना गोळा करण्यात आलं. तिथूनच कॅप्टन मोहनसिंग यांच्या आझाद हिंद सेनेची भरती सुरू झाली. नेताजी सुभाषचंद्र बोस तिथे पोहोचले ते पुढच्या वर्षी.

याच विजयाला एक काळी बाजू होती. सिंगापूर घेतल्यावर जपान्यांनी शहरातल्या चिनी पुरुषांना वेचून समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि हजारोंना गोळ्या घातल्या. तेव्हा तिथला सर्वोच्च सेनापती यामाशिताच होता. पण त्याच्यावर जो खटला चालला, त्यात सिंगापूरचा समावेशच नव्हता. खटला होता फक्त फिलिपिन्सचा.

मनिलात काय घडलं?

सिंगापूरच्या विजयानंतर यामाशिताला राजधानीत मिरवण्याची संधी मिळाली नाही. पंतप्रधान तोजोशी त्याचं जमत नव्हतं. त्याला मांचुरियाला धाडण्यात आलं आणि दोन वर्षं तो युद्धाच्या कडेलाच राहिला. जपान हरायला लागल्यावर त्याची पुन्हा आठवण झाली. ९ ऑक्टोबर १९४४ ला त्याने फिलिपिन्समधल्या सैन्याची सूत्रं हातात घेतली. ११ दिवसांनी अमेरिकन सैन्य लेते बेटावर उतरलं.

मनिला शहर लढवण्यात अर्थ नाही, असं यामाशिताने ठरवलं. तो मुख्य सैन्य घेऊन लुझोन बेटाच्या उत्तरेला डोंगरात गेला. पण रिअर अॅडमिरल सान्जी इवाबुची आपल्या नौसैनिकांसह शहरातच थांबला. जमिनीवरच्या लढाईपुरते हे नौसैनिक भूदलाच्या हुकमाखाली आले होते, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात इवाबुची नौदलाचं ऐकत होता.

फेब्रुवारी १९४५ चा तो महिना मनिलासाठी भयंकर ठरला. वेढ्यात अडकलेल्या जपानी सैनिकांनी घरं, शाळा, चर्च, दवाखाने काही सोडलं नाही. दुसरीकडून अमेरिकन तोफा शहरावर आग ओकत होत्या. जवळपास १ लाख नागरिक मेले.

एर्मिता भागातल्या बायका आणि मुलींना घराघरातून बाहेर काढून बेव्ह्यू हॉटेलमध्ये आणि आसपासच्या इमारतींमध्ये डांबण्यात आलं. शेकडो जणी होत्या. सैनिक रात्री खोल्यांमध्ये शिरत, मुलींना ओढून नेत आणि बलात्कार करत. हे दिवसेंदिवस चाललं.

लढाई संपेपर्यंत इवाबुची मेला होता. त्याचे बहुतेक सैनिकही मेले होते. वाचलेल्या बायकांना, आपल्यावर अत्याचार करणाऱ्यांची नावं माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. मग जाब विचारायचा कुणाला?

खटला : पाच जनरल, २८६ साक्षीदार

अमेरिकेने उत्तर दिलं, यामाशिताला.

२९ ऑक्टोबर १९४५ ला मनिलात अमेरिकन लष्करी आयोगापुढे खटला सुरू झाला. निवाडा करायला पाच अमेरिकन जनरल बसले. त्यातला एकही वकील नव्हता. २८६ साक्षीदार आले, ४२३ पुरावे दाखल झाले. बेव्ह्यू हॉटेलमधून वाचलेल्या तरुण मुलींनी कोर्टात उभं राहून आपल्यावर काय गुजरलं ते सांगितलं.

ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. युद्धात बलात्कार होणारच, असं धरून चालण्याची जगाची रीत होती. १९०७ च्या हेग करारात बलात्कार हा शब्दसुद्धा नव्हता. कुटुंबाच्या अब्रूचा मान राखावा, एवढंच मोघम लिहिलं होतं. न्युरेंबर्गला नाझी नेत्यांवर ज्या सनदेखाली खटला चालला, तिच्यातही बलात्काराचा नावाने उल्लेख नाही. मनिलात मात्र सेनापतीविरुद्धच्या आरोपांच्या तपशिलात बलात्कार स्पष्ट लिहिला गेला.

पण खटला ज्या पद्धतीने चालला, त्यावर तेव्हाच टीका झाली. यामाशिताच्या वकिलांना सुरुवातीला ६४ आरोपांचा तपशील मिळाला होता. खटला सुरू व्हायच्या वेळी त्यात आणखी ५९ ची भर पडली. तयारीला वेळ मागितला, तो मिळाला नाही. ऐकीव माहिती आणि उलटतपासणी न झालेली शपथपत्रंही पुरावा म्हणून चालली.

यामाशिताचा बचाव असा होता. तो डोंगरात होता. अमेरिकन हल्ल्याने त्याची दळणवळण यंत्रणा मोडून पडली होती. मनिलातले नौसैनिक त्याच्या खऱ्याखुऱ्या ताब्यात नव्हते. जे झालं ते त्याला कळलंच नाही.

एक मजेशीर उलटापालट इथे दिसते. त्याचा बचाव जीव तोडून करणारे वकील अमेरिकन सैन्यातलेच अधिकारी होते. त्यातल्या फ्रँक रील यांनी नंतर या खटल्यावर पुस्तक लिहून आपल्याच देशाच्या न्यायावर बोट ठेवलं.

निकाल लागला ७ डिसेंबर १९४५ ला. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. आयोगाचं म्हणणं होतं की अत्याचार इतके मोठे आणि इतके पसरलेले असतील आणि सेनापतीने ते शोधून थांबवण्याचा परिणामकारक प्रयत्न केला नसेल, तर त्याला जबाबदार धरता येतं. यामाशिताला हे सगळं माहीत होतंच, असं आयोगाने सरळ शब्दांत कुठेच नोंदवलं नाही.

शिक्षा फाशीची.

सुप्रीम कोर्टात सहा विरुद्ध दोन

वकिलांनी प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नेलं. ४ फेब्रुवारी १९४६ ला निकाल आला. सहा न्यायाधीश आयोगाच्या बाजूने, दोन विरोधात. सैनिकांना आवरणं हे सेनापतीचं कायदेशीर कर्तव्य आहे, असं बहुमताने मान्य केलं. पुरावा पुरेसा आहे का, यात कोर्ट शिरलंच नाही.

विरोध करणारे न्यायाधीश होते फ्रँक मर्फी आणि वायली रटलेज. मर्फी एकेकाळी फिलिपिन्सचे अमेरिकन गव्हर्नर जनरल होते. तिथल्या लोकांवर काय ओढवलं याची त्यांना कल्पना होती. तरीही त्यांचा आक्षेप होता की ज्या सैन्याला आपणच झोडपून विस्कळीत केलं, त्याच्या सेनापतीला शिस्त राखली नाही म्हणून फाशी देणं हा न्याय नाही, सूड आहे. रटलेज यांचा रोख खटल्याच्या पद्धतीवर होता.

२३ फेब्रुवारी १९४६ ला मनिलाच्या दक्षिणेला लॉस बान्योस इथे यामाशिताला फाशी देण्यात आली. तो ६० वर्षांचा होता.

तो मेला, नियम उरला

दोनच वर्षांत टोकियोच्या आंतरराष्ट्रीय खटल्यात हाच मुद्दा परत आला. नानजिंगमधल्या कत्तली आणि बलात्कार थांबवले नाहीत म्हणून जनरल मात्सुइला फाशी झाली. त्या कोर्टातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी मात्र सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. अत्याचार झाले हे त्यांनी नाकारलं नाही. त्याचा दोष वरच्या माणसांपर्यंत नेता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

आणि जपानी सैन्याने 'कम्फर्ट वुमन' म्हणून लैंगिक गुलामीत ठेवलेल्या बायकांचं काय? टोकियोत त्यांच्यासाठी स्वतंत्र आरोप ठेवलाच गेला नाही.

यामाशिताचा नियम अमेरिकेने स्वतःला लावला का? व्हिएतनाममधल्या माय लाई गावात १९६८ मध्ये अमेरिकन सैनिकांनी कत्तल आणि बलात्कार केले. १९७१ मध्ये कॅप्टन मेडिनावर खटला चालला, तेव्हा त्याला प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध व्हायला हवं, असं ज्युरीला सांगण्यात आलं. तो सुटला.

बोस्निया आणि रवांडातल्या युद्धांनंतर चित्र बदललं. संयुक्त राष्ट्रांनी दोन खास न्यायाधिकरणं नेमली. २ सप्टेंबर १९९८ ला रवांडाच्या न्यायाधिकरणाने झाँ-पॉल आकायेसू या महापौराच्या खटल्यात बलात्कार हा वंशसंहाराचाही भाग असू शकतो, असा निकाल पहिल्यांदा दिला. त्या खंडपीठावर भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकन न्यायाधीश नवनीतम पिल्लै होत्या. त्याच वर्षी रोम करार झाला आणि त्यातून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं. बलात्कार, लैंगिक गुलामी, जबरदस्तीची गर्भधारणा हे गुन्हे त्यात नावानिशी आहेत. भारत या कराराचा सदस्य नाही.

आजचा नियम काय सांगतो?

रोम कराराचं २८ वं कलम म्हणजे यामाशिताच्या खटल्यातला नियम, पण चाळण्या लावलेला. लष्करी सेनापतीला दोषी धरायचं तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात.

पहिली, ते सैनिक खरोखर त्याच्या ताब्यात होते. नुसत्या कागदावर नव्हे.

दुसरी, गुन्हे होत आहेत किंवा होणार आहेत हे त्याला माहीत होतं, किंवा त्या परिस्थितीत माहीत असायलाच हवं होतं.

तिसरी, गुन्हे रोखायला किंवा दोषींवर कारवाई व्हायला त्याच्या हातात जे होतं, ते त्याने केलं नाही.

इवाबुचीच्या नौसैनिकांना पहिलीच कसोटी लावली, तर मनिलाचा खटला आज कुठे अडला असता, हे लक्षात येतं.

लैंगिक हिंसेच्या खटल्यांमध्ये हे कलम एवढं मोलाचं का? कारण बलात्कार करा, असा लेखी हुकूम बहुधा सापडत नाही. गुन्हा बंद खोलीत होतो, गणवेशातला माणूस अनोळखी असतो आणि वरचा अधिकारी कानावर हात ठेवतो. त्या अधिकाऱ्याने डोळेझाक केली का, एवढा तरी प्रश्न हे कलम कोर्टाला विचारायला लावतं.

पण चाळण्या कडक झाल्या की आरोपी निसटतोही. काँगोचा नेता झाँ-पियेर बेम्बा याच्या सैनिकांनी २००२-०३ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बलात्कार आणि खून केले. २०१६ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला याच कलमाखाली दोषी ठरवून १८ वर्षांची शिक्षा दिली. २०१८ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी तो सुटला. सैन्य परदेशात असताना सेनापती दुरून किती करू शकतो, याचा विचार खालच्या कोर्टाने नीट केला नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. पाच हजारांहून जास्त पीडित त्या खटल्यात सहभागी झाले होते.

त्यानंतर २०१९ मध्ये काँगोच्याच बॉस्को न्तागान्दाला बलात्कार आणि लैंगिक गुलामीसह अनेक गुन्ह्यांसाठी ३० वर्षांची शिक्षा झाली. मात्र तिथे वरिष्ठाने दुर्लक्ष केलं हा आधार नव्हता, तो स्वतः गुन्ह्याच्या योजनेत भागीदार असल्याचं सिद्ध झालं होतं.

यामाशिताचं नाव आज इंटरनेटवर शोधलं, तर फिलिपिन्समध्ये त्याने पुरलेल्या म्हणतात त्या सोन्याच्या कहाण्याच जास्त सापडतात. त्या खजिन्याचा पक्का पुरावा नाही. बेव्ह्यू हॉटेलमधल्या मुलींच्या साक्षी मात्र खटल्याच्या कागदपत्रांत नोंदलेल्या आहेत.