चार्ल्स स्टाइनमेट्झ व विजेचें खरें माप

मोठ्या कारखान्यांत शेंकडों अँपिअरचा विद्युत्प्रवाह सरळ मीटरमधून नेतां येत नाहीं. तेथें करंट ट्रान्सफॉर्मर नांवाचें साधन त्या प्रवाहाची ठराविक प्रमाणांत लहान प्रतिकृति करून मीटरला देतें. ही प्रतिकृति कितपत विश्वसनीय, हें त्यांतील लोखंडी गाभ्यावर अवलंबून असतें. त्या लोखंडाच्या स्वभावाचा नियम शोधणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

चार्ल्स स्टाइनमेट्झ यांचा जन्म ता. ९ एप्रिल १८६५ रोजीं प्रशियांतील ब्रेस्लाउ येथें झाला. हें शहर आतां पोलंडमध्यें आहे. त्यांच्या पाठीस जन्मतःच कुबड होतें. गणितांत ते अग्रेसर होते. परंतु समाजवादी चळवळींत पडल्यामुळें पदवी हातीं येण्यापूर्वीच १८८८ सालीं त्यांस देश सोडावा लागला. स्वित्झर्लंडमार्गें १८८९ सालीं ते न्यूयॉर्कला पोंचले. हातीं द्रव्य नाहीं, इंग्रजीचें ज्ञान तोकडें, शरीरांत व्यंग. असा मनुष्य परत धाडावा, असें बंदरावरील अधिकाऱ्यांस वाटलें. सोबतच्या मित्रानें हमी घेतली म्हणूनच त्यांस प्रवेश मिळाला.

याँकर्स येथील आयकमायर यांच्या कारखान्यांत ते कामास लागले. लोखंडाचें चुंबकत्व उलटसुलट होतांना कांहीं शक्ति उष्णतारूपानें वायां जाते. हा व्यय आधीं गणितानें सांगण्याची सोय तेव्हां नव्हती. पुष्कळ मोजमापें घेऊन स्टाइनमेट्झ यांनीं १८९२ सालीं नियम मांडला कीं, चुंबकीय घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणांत हा व्यय वाढतो. पुढें जनरल इलेक्ट्रिक कंपनींत व स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजांत त्यांनीं कीर्ति मिळविली. ता. २६ ऑक्टोबर १९२३ रोजीं त्यांचा अंत झाला.

ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकित करण्यांत थोडा प्रवाह खर्ची पडतो. तेवढी चूक प्रतिकृतींत उतरते. ०.५ वर्गाच्या साधनांत पूर्ण प्रवाहावर ही चूक अर्ध्या टक्क्याच्या आंत असावी लागते. परंतु ही हमी शुद्ध लहरीपुरतीच असते. आजचे एलईडी दिवे व मोटारींचा वेग बदलणारीं साधनें प्रवाह विकृत करतात. ५० आवर्तनांच्या मूळ लहरींत २५०, ३५० आवर्तनांच्या उपलहरी मिसळतात. गाभ्याचें वर्तन समप्रमाण नसल्यामुळें तो स्वतःच्याहि उपलहरींची भर घालतो. प्रवाहांत एकाच दिशेचा अंश असला तर गाभा चुंबकत्वानें भरून जातो, आणि मीटरला खरा प्रवाह दिसतच नाहीं. मग विकणारा किंवा घेणारा, कोणीतरी एक नाहक नुकसान सोसतो.

स्टाइनमेट्झ यांचें सूत्रहि शुद्ध लहरीसाठींच होतें. विकृत लहरींसाठीं पुढील संशोधकांनीं तें सुधारून घेतलें. तथापि त्यास आजहि त्यांचेंच नांव आहे. विद्यार्थी मित्रांनो, बाह्य रूपावरून केलेलें माप किती चुकतें, हें त्या बंदरावरच्या प्रसंगानें दाखविलेंच आहे. वस्तु असो वा मनुष्य, निर्णय देण्यापूर्वीं आपला तराजू तपासून पाहावा, हाच या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो.